मुंग्यांच्या भरवशाचं फूल

"पावडर टाकू नकोस. त्या मुंग्या माझ्या माळी आहेत," असं आत्यांनी मला बजावलं होतं. नवऱ्याच्या या आत्या जंगलखात्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या, गावातल्या शेवटच्या घरात एकट्या राहतात. मी हसून मान डोलावली आणि दुपारी मागच्या पायरीपासून पार कुंपणापलीकडे मुंग्यांची पावडर पसरली. मुलगी रांगायला लागली होती, दिसेल ते तोंडात घालायची. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

कुंपणापलीकडच्या उतारावर झाडांच्या सावलीत एक बुटकं, फिकट जांभळं फूल येतं. जगात फक्त त्या एका उतारावर. आत्या दर वर्षी त्याची रोपं मोजतात. कॉलेजात बॉटनी शिकूनही मला ते म्हातारपणीचं खूळ वाटायचं.

पुढच्या वर्षी त्या मोजून आल्या आणि पायरीवर बसल्या. "जुनी आहेत तेवढीच. पिल्लू एकही नाही."

"उन्हानं असेल."

"बिया आईखालीच कुजल्यात. न्यायला कोणी आलंच नाही."

बीला एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या ती वारुळात ओढून नेतात, तुकडा खातात, बी टाकून देतात आणि ती तिथं रुजते. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. मग पावडरीचं सांगून टाकलं.

"शिकलेली सून, घराला केवढा आधार," आत्या म्हणाल्या. "ऊठ आता. खुरपं आण."

पावडरीची माती आम्ही दोघींनी खरवडून काढली. नव्या बिया पिकल्यावर मी चिमट्यानं एकेक उचलून दूर पाचोळ्याखाली सरकवत होते. "मुंगीबाई, जरा खोल," आत्या खुर्चीतून हुकूम सोडायच्या.

यंदा एकोणीस पिल्लं आहेत. त्यातली चार अशा जागी, जिथं माझा हात पोचलाच नव्हता. तिथून मुंग्यांची रांग चालली होती. मुलगी उकिडवी बसून बघत होती. मी तिला उचललं नाही.

नवऱ्याची बदली झालीय, आम्ही पुढच्या आठवड्यात निघतोय. आत्या यायला तयार नाहीत. पिल्लांना फूल यायला अजून तीन वर्षं आहेत, म्हणतात. तुम्ही त्या बाजूला गेलात तर शेवटच्या घराचं दार वाजवा. उघडलं नाही तर मागं जाऊन कुंपणापाशी हाक मारा. उतार निसरडा आहे आणि त्या काठी नेत नाहीत.