हरकत

“हरकत हाय का तुमची?” तलाठ्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

माणिकराव खिडकीबाहेर बघत होते. वालूरच्या चावडीसमोर कडुनिंबाखाली एक बाई पाठमोरी उभी होती. पदर तसाच, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. ती वळली तेव्हा दुसरीच कोणी निघाली. हे आताशा रोजचं झालं होतं. सकाळी गंगाखेडहून येताना बसमध्ये एकानं शेजारची जागा मागितली, तर त्यांच्या तोंडून निघून गेलं, “माणूस हाय तिथं.”

त्यांची बायको रेणुका दिवाळीआधी वारली. मूलबाळ नव्हतं.

माहेरच्या जमिनीत तिनं हिस्सा मागितला होता. भाऊ बजरंग हक्कसोडपत्रावर सही घ्यायला आला, तेव्हा तिनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि सही दिली नाही. संसदेनं लेकीला लेकाइतका हिस्सा दिलाय, एवढं तिला ठाऊक होतं. पण बाप त्या कायद्याच्या आधीच वारलेला, म्हणून दावा अडकून पडला. पुढं सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लेकीचा हक्क जन्मापासूनचा, बाप तेव्हा हयात असो की नसो. मग तिचाही निकाल लागला आणि यंदा पोळ्याच्या सुमारास सातबाऱ्यावर तिचं नाव आलं. त्या दिवशी तिनं बांधावर चपला काढून ठेवल्या. माणिकराव हसले. “देऊळ हाय का हे?”

“माझं हाय,” ती म्हणाली.

आता सेलूचे वकील सांगत होते की, बिनलेकराची बाई गेली तर बापाकडून आलेली जमीन बापाच्याच वारसांकडं जाते. नवऱ्याला त्यात धरत नाहीत. त्या कलमावर दिल्लीत वाद चालू आहे, निकाल कधी लागेल सांगता येत नाही. हरकत घेतली तर नोंद लांबेल, इतकंच. तोवर तिचं नाव राहील. न घेतली तर त्या नावाला कंस पडेल, म्हणजे ते कमी होईल, आणि बजरंगचं नाव चढेल.

“दाजी,” शेजारी बसलेला बजरंग हळू म्हणाला, “जन्मभर यष्टी चालवली तुमी. आता वावर करणार हाव का?”

“वावर नको मला.”

बजरंगनं खुर्ची पुढं सरकवली.

“हरकत हाय,” माणिकराव तलाठ्याला म्हणाले.

“कारण काय लिहू?”

त्यांनी पुन्हा कडुनिंबाकडं पाहिलं.

“कारण न्हाई. हरकत हाय.”

तलाठ्यानं एकदा बजरंगकडं पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि सहीची जागा दाखवली.

पायऱ्या उतरताना बजरंग धुसफुसत म्हणाला, “लय हट्टी. आक्कावानीच झालाव तुमी.” पण दाजीला पायी कसं धाडायचं, म्हणून देवगाव फाट्यापर्यंत सोडायला त्यानं गाडी काढली.

वाटेत वावराजवळ त्याचा फोन वाजला, तशी त्यानं गाडी थांबवली. गडी दत्ता विचारत होता, पाणी कुणीकडं वळवू.

“आदी आक्काच्या पट्टीत सोड,” बजरंग म्हणाला. फोन खिशात टाकला आणि उगाच गाडीचा आरसा पुसत राहिला.

माणिकराव उतरून बांधापर्यंत गेले. हरभऱ्यात पाणी शिरत होतं. त्यांनी चपला काढल्या आणि कडेला सरकवून ठेवल्या, शेजारी आणखी एक जोड मावेल एवढी जागा सोडून.