दहा फुटांची खोली

रसिकभाई बिल्डरने करारनामा वाल्मिकपुढे सरकवला. "सुरतेत डिंडोलीसारख्या भागात असं घर मिळणार नाही, भाऊ. दहा बाय बाराची खोली आहे. सही करा."

वाल्मिकने पेन उचललं नाही. सकाळीच तो त्या अर्धवट बांधलेल्या खोलीत जाऊन आला होता. वीस वर्षं कापडाच्या ताग्यांना घड्या घालणाऱ्याला टेप लागत नाही. हात ताणला की मीटर.

"दहा कुठली? नऊच फूट भरते," तो म्हणाला.

"प्लास्टरमध्ये जातं तेवढं."

"प्लास्टर फूटभर जाड नसतं."

रसिकभाईची भाषा लगेच बदलली. "घ्यायचं तर घे. तुझ्यासारखे छप्पन येतात."

वाल्मिकच्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज चढला नाही. "शेठ, चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, तोपर्यंत तुमची कापडाची पेढी होती. तिथं घड्या मीच घालायचो. तुम्ही कधी तोंडाकडे पाहिलं नाही, म्हणून ओळखलं नाहीत. मीटरमागे चार बोटं कमी घाल, गिऱ्हाईक कुठं मोजतंय, असं तुम्हीच सांगायचात."

रसिकभाईने पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

वाल्मिकने करारातला दहाचा आकडा खोडून नऊ लिहिलं आणि कागद परत ढकलला. "गिऱ्हाइकानं मोजलंय. पैसे नऊ फुटांचेच देणार. आधी तुम्ही सही करा."