शेवटच्या टीव्हीतल्या मुंग्या

बाबांचं टीव्हीदुरुस्तीचं दुकान होतं, पण दुरुस्त केलेला टीव्ही ते चित्रावर कधीच तपासत नसत. कुठलंच चॅनेल लागत नाही अशा जागी बटण फिरवायचे आणि पडदाभर मुंग्या वळवळल्या की म्हणायचे, "जिवंत आहे. न्या." गिऱ्हाईक चक्रावून जायचं.

घरी अँटेना फिरवायला मी गच्चीवर आणि हुकूम सोडायला दादा खाली. मी ओरडायची, "आलं का?" खालून ठरलेलं उत्तर, "नाही, अजून फिरव." माझे हात भरून यायचे, साहेबांचं आपलं तेच.

पुढे दादा शास्त्रज्ञ होऊन लांब गेला. एका सुट्टीत दुकानात बसून सांगत होता, की या मुंग्यांतल्या काही विश्वाच्या जन्मवेळच्या आहेत. तेव्हाचा उजेड थकत थकत अजून येतोय. बाबा म्हणाले, "गॅरंटी चांगली आहे मग."

मग त्याच्या कामाचं निघालं. एकत्र जन्मलेले दोन कण कितीही लांब गेले तरी जोडलेले राहतात, एक तपासला की दुसऱ्याचं कळतं.

"चपलांच्या जोडीसारखं," मी म्हटलं.

"तसं नाही गं. इथे बघेपर्यंत डावी कुठली, उजवी कुठली, हे ठरलेलंच नसतं."

"म्हणजे तुला तिकडे बसून माझं सगळं कळणार."

"नाही ना. त्यातून निरोप जात नाही. निरोपाला साधा फोनच लागतो."

बाबा गेल्यावर दादा दुकान विकू म्हणाला, मी नाही म्हटलं; त्यावरून आम्ही एकमेकांना नको नको ते बोललो, आणि अबोला धरला. शेवटी दुकान मला झेपेना. मीच विकलं. हे दादाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुकान रिकामं करायला आज भंगारवाला आला. शेवटच्या टीव्हीला त्याने हात घातला, तेव्हा मी म्हटलं, "थांबा, तपासायचाय."

"भंगारात द्यायचा तर तपासता कशाला?" असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

मी बटण फिरवलं. मुंग्या आल्या. बाबांची फार आठवण आली, दादाची त्याहून जास्त, आणि त्याचा रागही आला. त्याला आपोआप कळेल म्हणून मी इतके दिवस वाट बघत बसले होते. कसलं कळतंय?

फोन लावला. त्याने उचलला. मी फोन तसाच टीव्हीपाशी धरला. खरखर त्याला ऐकू दिली. सवयीने माझा हात टीव्हीवरच्या अँटेनाकडे गेला आणि तोंडातून निघून गेलं, "आलं का?"

"आलं," दादा म्हणाला. "आता फिरवू नकोस."