लुवेनियाच्या ड्रेसिंगचा तवा

मित्रांनो, अटलांटा शहरातल्या एका मोठ्या घरात, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर जो काळा चकचकीत तवा टांगला आहे, तो मी. मी जुना आहे, बिडाचा आहे आणि बिनकामाचा आहे. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने एकच शब्द रंगवला आहे, 'कृतज्ञ'. येणारे पाहुणे तो वाचतात आणि "अय्या, किती छान!" म्हणतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत झाली आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतला, तो निवल्यावर साचा फोडला, आणि मी बाहेर पडलो. तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होतो. माझ्यावर जे टाकाल ते चिकटायचे. अलाबामातल्या एका लहान गावातल्या दुकानातून पर्ली नावाच्या बाईने मला घरी नेले. तिने मला डुकराची चरबी चोळली आणि तापलेल्या चुलीत पालथा घातला. मग पुन्हा चोळली, पुन्हा घातला. हळूहळू ती चरबी माझ्या अंगात मुरली आणि मी काळा झालो. आम्हा बिडाच्या भांड्यांत काळे होणे म्हणजे शहाणे होणे.

पर्लीचा एकच कडक नियम होता. मला साबण लावायचा नाही. गरम पाणी, चिमूटभर जाडे मीठ, फडक्याने पुसणे, आचेवर सुकवणे आणि वर चरबीचे बोट. बस्स. जो साबण लावील त्याचा हात मोडीन, असे ती म्हणायची आणि तिच्या आवाजावरून ते खरेही वाटायचे.

पर्ली गेली आणि मी तिच्या मुलीच्या, लुवेनियाच्या हाती आलो. लुवेनिया शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करायची आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकच करायची. तिला दोन मुली, थोरली रोझेटा आणि धाकटी शार्लीन. रोज संध्याकाळी माझ्यात मक्याचा पाव भाजला जायचा. पण माझे खरे कौतुक व्हायचे ते नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभार मानण्याच्या सणाच्या दिवशी. त्या दिवशी आख्खे गोत लुवेनियाच्या दारात उतरायचे. भाजलेला टर्की पक्षी असायचा, कॉलर्डची पालेभाजी असायची, चीज घातलेली मॅकरोनी असायची. कुणी काय करून आणायचे हे ठरलेले असे, आणि ज्याच्या हाताची खात्री नाही त्याला नुसता बर्फ आणायला सांगत. ड्रेसिंग, म्हणजे टर्कीबरोबर खायचा मक्याच्या पावाचा मसालेदार भाजलेला चुरा, मात्र लुवेनियाचेच. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

ते ड्रेसिंग कसे व्हायचे, ते मी सांगतो. एरवी मला कुणी विचारतही नाही. आदल्या दिवशी माझ्यात चरबी धूर सोडीपर्यंत तापवायची आणि त्यात मक्याच्या पिठाचे सरसरीत मिश्रण ओतायचे. चर्र असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर लुवेनिया माझ्याकडे अशी बघायची की मला लाज वाटे. पिठात साखरेचा कण नाही. पाव खालून तांबूस आणि कुरकुरीत झाला की फडक्याखाली वाळत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी हातांनी कुस्करायचा. त्यात लोण्यावर परतलेला कांदा, सेलरी, सेज नावाच्या झाडाची चुरलेली वासाची पाने आणि टर्कीच्या मानेचा दाट रस्सा. शेवटी कच्ची अंडी, आणि मग सगळे मोठ्या ताटात घालून भट्टीत.

आता खरी गोष्ट ऐका. अंडी पडायच्या आधी लुवेनिया थांबायची आणि मुलींना हाक मारायची.

"रोझेटा! शार्लीन! चाखून जा गं! एकदा अंडी पडली की चाखता यायचं नाही."

तिच्या घरात माप नव्हतेच. चव घ्यायची ती याच वेळी, आणि मीठ, सेज, रस्सा जे काय कमी असेल ते याच वेळी घालायचे. शार्लीन धावत यायची आणि तळहात पुढे करायची. लुवेनिया त्यावर ओलसर गोळा ठेवायची आणि विचारायची, "बोल, काय हवंय?"

"सेज."

"अजून?"

"मिरी. थोडीच."

"बरोब्बर! जीभ आहे पोरीला."

आणि रोझेटा? ती पुढच्या खोलीत पाहुण्यांत असायची. नवा झगा घालून, तापल्या चिमट्याने केस कुरळे करून. "आले गं मम्मा," असे तिथूनच ओरडायची आणि यायची नाही. ताट टेबलावर आले की मात्र सगळ्यात मोठा वाटा तिचा असायचा. मुलींचे क्लोव्हिसकाका पोट चोळत म्हणायचे, "वहिनी, टर्की तर नुसतं निमित्त. मी येतो ते या ड्रेसिंगसाठी." ती स्तुती मीही भिंतीआडून ऐकायचो आणि फुशारून जायचो. मला वाटायचे, हे असेच चालत राहणार.

पण माणसांची हाडे बिडाची नसतात. लुवेनियाची बोटे वाकडी झाली, गुडघे धरले. मग काही वर्षे ती खुर्चीत बसून नुसते सांगायची आणि शार्लीन करायची. खाणाऱ्यांना फरक कळला नाही, म्हणजे बघा. शेवटी लुवेनियाला ते घर सोडावे लागले आणि ती शार्लीनच्या दोन खोल्यांत राहायला गेली. सामान आवरायला रोझेटाही आली होती. मला हातात घेऊन ती म्हणाली, "मम्मा, हा मी नेते. माझं घर मोठं, टेबल मोठं. आता दरवर्षी सगळे माझ्याकडे जमतील. तवा तिथेच हवा ना?"

लुवेनिया शार्लीनकडे बघत राहिली. मला वाटले, आता ती नाही म्हणेल. माझ्यावर हक्क कुणाचा, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. पण तिच्या मनात एकच धास्ती होती, की ती गेल्यावर मुली पांगतील. टेबल एक राहिले तर मुली एक राहतील, असे तिला वाटले.

"ने," ती म्हणाली. "पण करशील ना गं त्यात?"

"म्हणजे काय! मी याच घरात वाढले ना, मम्मा?"

शार्लीनने मला पुसायचे फडके रोझेटाच्या हातात दिले. "साबण लावू नकोस," एवढेच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ते रोझेटाने पाहिले की नाही, मला माहीत नाही. मी पाहिले.

रोझेटाने माझ्यात एकदाच पाव केला. चरबीऐवजी तेल घातले, तेही थंड. पाव माझ्या बुडाला चिकटला. वैतागून तिने मला भांडी धुण्याच्या यंत्रात घातले. मित्रांनो, ते गरम पाणी आणि तो साबण! पर्लीने आणि लुवेनियाने माझ्यात मुरवलेले सगळे एका फेऱ्यात धुऊन गेले. सकाळी मी तांबूस गंजलेला बाहेर आलो. रोझेटा घाबरली असावी, कारण तिने मला लगेच एका रंगाऱ्याकडे नेले. त्याने मला यंत्राने घासले, काळा रंग दिला, वर वॉर्निशचा जाड थर चढवला आणि माझ्या पोटावर तो शब्द लिहिला. मग मी भिंतीवर चढलो.

त्या नोव्हेंबरात लुवेनिया आणि शार्लीन त्या घरी जेवायला आल्या. रोझेटाच्या नवऱ्याच्या, वेंडेलच्या, कचेरीतले पाहुणेही होते. टेबलावर लुवेनियाचेच जुने ताट होते आणि त्यात ड्रेसिंग होते. ते रोझेटाने सकाळी दुकानातून तयार आणून त्या ताटात ओतले होते. मी वरून पाहत होतो. तिच्या-माझ्याशिवाय ते कुणाला माहीत नव्हते.

"आमच्या मम्माच्या हातची रीत," रोझेटा पाहुण्यांना सांगत होती. "आणि तो बघा, तिचा तवा!"

"वाह! आणि चव तर काय," एक बाई म्हणाली. "घरचं ते घरचंच."

लुवेनियाने एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला नाही.

"यात साखर आहे," ती म्हणाली.

रोझेटा हसली. "मम्मा, तुझ्या जिभेची चव गेलीय गं आता. वय झालं ना."

शार्लीनने काटा खाली ठेवला. लुवेनियाने तिच्या हातावर आपला वाकडा हात ठेवला आणि वेंडेलला म्हणाली, "बाळा, तो तवा खाली काढ. मला हातात दे."

वेंडेलने मला तिच्या मांडीवर ठेवले. तिने अंगठा माझ्यावरून फिरवला. तो घसरला. तिने मला नाकाशी नेले. माझ्या अंगाला रंगाचा वास येत होता. त्या क्षणी मला बोलता आले असते तर मी काय बोललो असतो, ते तुम्हा लहानांसमोर सांगण्यासारखे नाही.

"काय लावलंय याला?"

"वॉर्निश, मम्मा. गंजू नये म्हणून."

"रोजच्या वापरातला तवा गंजत नाही गं, पोरी."

त्या लोकांची अशी रीत आहे की या जेवणाला प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचे. कुणी बढतीबद्दल सांगितले, कुणी तब्येतीबद्दल. रोझेटाने "माझ्या घराबद्दल आणि आमच्या परंपरेबद्दल" म्हटले. मग लुवेनियाची पाळी आली. मी अजून तिच्या मांडीवरच होतो.

"मी देवाचे आभार मानते," ती म्हणाली, "की हे बघायला माझी आई नाही."

मग ती उठली. शार्लीनने तिला कोट घातला आणि हळूच विचारले, "मम्मा, नेऊया हा? भट्टीत तापवला तर रंग जळून जाईल. पुन्हा चरबी पाजू."

"नको. मीच दिला होता. हिने मागितला, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघूनसुद्धा दिला." तिने मला वेंडेलकडे परत केले. "टांगा परत."

लुवेनिया पुढच्या उन्हाळ्यात गेली. बातमी मला फोनवरच्या रडण्यातून कळली. समाचाराला आलेली माणसे माझ्याकडे बोट दाखवून रोझेटाला म्हणत होती, "निदान आईची एवढी आठवण तुझ्यापाशी आहे." रोझेटा मान हलवत होती.

नोव्हेंबर आला. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी रोझेटाने मला एकटीने खाली उतरवले. तिचे डोळे सुजलेले होते. तिने माझ्यात चरबी घातली आणि मला आचेवर ठेवले. मला आनंद झाला, पण माझ्या आनंदासाठी वॉर्निश पेटायचे थांबत नाही. घरभर जळका धूर झाला, धुराचा इशारा देणारी घंटा कोकलू लागली आणि तिने मला मोरीत फेकले. बैल गेला आणि झोपा केला. मग तिने दुसऱ्या भांड्यात पाव भाजला, कुस्करला, रस्सा घातला आणि शार्लीनला फोन लावून तो ओट्यावर ठेवला. मी मोरीतून सगळे ऐकत होतो.

"शार, सेज किती गं घालायची?"

"हाताला येईल तेवढी."

"अगं, चमचे सांग ना!"

"मम्माच्या हातात चमचा कधी बघितलास? अंडी घालायच्या आधी चाख. कळेल."

"चाखलं मी." रोझेटा म्हणाली. "पण कशी लागायला हवी?"

शार्लीनने विचारले, "तुला नाही आठवत?"

"मला तिने कधी दिलंच नाही चाखायला."

"हाक दोघींनाही मारायची, रोझेटा. तुझं नाव आधी घ्यायची."

रोझेटा ओट्याला टेकून रडली. मग म्हणाली, "तू ये ना गं. इथे येऊन कर."

"माझ्याकडे चूल पेटलीय. मम्माची खुर्चीही मांडलीय. तू ये. आत्ता निघालीस तर अंडी पडायच्या आत पोचशील. मी थांबते."

रोझेटाने घड्याळाकडे पाहिले. "माझ्याकडे पाहुणे यायचेत, शार."

"मग पाहुण्यांना दुकानातलंच घाल," शार्लीन म्हणाली आणि फोन ठेवला.

रोझेटाने भांड्यातले सगळे कचऱ्यात टाकले आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली. मला वाटले, गेली बहिणीकडे. ती दुकानातून ड्रेसिंगचा डबा घेऊन परत आली. माझ्या पोटावरचा शब्द धुरात अर्धा जळला होता. तो तिने पुढच्या आठवड्यात पुन्हा रंगवून घेतला आणि मी परत भिंतीवर चढलो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने भांडे असेल. त्याला भिंतीवर चढवू नका, चुलीवर चढवा. शोभेचा मान मला नको होता, चरबीचे एक बोट पुरे होते. आणि स्वयंपाकघरातून कुणी "चाखून जा" म्हणून हाक मारत असेल, तर हातातले टाकून आधी तिथे जा आणि तळहात पुढे करा. माझ्यावरचा रंग कधीतरी कुणी जाळून काढील. रोझेटाला मात्र आता त्या स्वयंपाकघरातून कुणी हाक मारणार नाही.