सदा तांडेल राजधानी पाहतो

मुरूडच्या वेशीशी मितेशने गाडी थांबवली आणि टेकडीकडे बोट दाखवलं. "बाबा, तो नवाबाचा वाडा. जंजिरा संस्थानची राजधानी व्हती ही." सदा तांडेलाने मान डोलावली. "झकास बांधलाय," म्हणाला. त्याला टेकडीच्या जागी नुसता राखाडी डाग दिसत होता. हल्ली तो जिथे बघेल तिथे हा डाग आधीच जाऊन बसलेला असायचा. कडेकडेचं काय दिसेल तेवढंच.

घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर होडीचं सुकाणू त्याच्या हातून गेलं असतं, आणि सुकाणू गेल्यावर सदा म्हणजे थळच्या ओट्यावर बसून जाळी सांधणारा एक म्हातारा.

मे संपत आला होता, होडी किनाऱ्यावर ओढून झाली होती, म्हणून लेकाने ही सहल काढली. माणसं मजा करायला फिरतात. हा बाबा सकाळपासून घाबरत फिरत होता. समुद्रातल्या जंजिरा किल्ल्याच्या आत तर एक पायरी दुसरीसारखी नाही, कठड्याचा पत्ता नाही, तळं कुठून सुरू होतं ते कळेना. सहा वर्षांच्या नातीचा, अमिषाचा हात त्याने असा आवळला होता की पोरीची बोटं पांढरी पडली.

"आजोबा, केवढी तोफ बघा."

"बघितली गो," तो म्हणाला. तोफ त्याच्या पाठीमागे होती. अमिषा खुदकन हसली, तिला वाटलं आजोबा थट्टा करतायत.

परतीच्या शिडाच्या होडीत बसल्यावर त्याच्या जिवात जीव आला. वारा गालावर घेत तो सहज बोलून गेला, "शीड वाईच सैल सोड."

सुकाणूवर बसलेला होडीवाला तुळशीराम चमकला. "तांडेल काय तुमी? कुठले?"

"थळचा."

झालं. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, परक्या होडीत आला की त्याला सुकाणू देऊ करायचं, हा मान. आणि नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या होडीला नावं ठेवणं. तीस माणसांदेखत तुळशीराम उठला. "या, राजापुरीच्या धक्क्यापर्यंत तुमीच न्या."

सदाने सुकाणू हातात घेतलं. होडी त्याच्या हाताखाली सुरेख चालली, मितेश कौतुकाने फोटो काढू लागला, लोक वाहवा करू लागले, आणि सदाची भीती वाढतच गेली. चालवायला तो कधीच भीत नव्हता. समोर काय आहे, याला भीत होता.

"आजोबा, ते होडकं," अमिषा म्हणाली.

"कुठं?"

"समोरच. दोन बाया हायत त्यात."

सदाने डोळे ताणले. समोर डाग. डावीकडे वळवावं की उजवीकडे? तुळशीराम निवांत तंबाखू मळत होता. थळचा तांडेल वळवेल, त्यात शंका कसली. इतक्यात एका बाईची हाक आली, अगदी जवळून.

"धर रे," तो ओरडला. "मना दिसत न्हाय."

तुळशीरामने झडप घालून सुकाणू फिरवलं. होडकं हातभर अंतरावरून निसटलं. त्यातल्या बायांनी सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मितेश बापाच्या शेजारी येऊन बसला. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

गणपतीपासून म्हणजे आख्खा हंगाम. "मग होडी घरी कशी आणायचास तू?"

"तुला पुढं बसवून इचारायचो ना, समोर काय हाय म्हणून."

मितेशला वाटायचं, बाप आपली परीक्षा घेतोय. मागे चार खलाशी झोपलेले, पहाटेची थंडी, आणि तो कंटाळून कितीदा तरी मान वर न करताच म्हणाला होता, "काय न्हाय, चल." त्याने अमिषाला मांडीवर ओढून घेतलं. भर मे महिन्यात त्याचे दात वाजू लागले.