डाळिंबाच्या सालीचा काढा

"अगं, पोराला हगवण लागलीय आणि तू पोट सैल करणारे जर्दाळू भिजत घालतेस? अक्कल गहाण टाकलीस का?" सासूबाई चुलीपासून ओरडल्या.

एल्योरची चड्डी सकाळपासून सारखी खराब होत होती, म्हणून त्यांनी डाळिंबाच्या साली उकळायला ठेवल्या होत्या. आमच्या मार्गिलान शहरात पोट बिघडलं की हेच. मी पातेलं उचललं आणि दारापुढच्या पाटात ओतून आले.

"ओयी," मी म्हटलं; सासूला आम्ही ओयी, म्हणजे आईच म्हणतो. "ही हगवण नाही. पोट दाबून बघा त्याचं."

माझा एल्योर जन्मला तेव्हा त्याला शौचाची वाटच नव्हती. डॉक्टरांनी ती केली, तोवर मळ गोळा करायला पोटावर पिशवी होती. सासूबाईंनी त्याबद्दल गल्लीत अवाक्षर काढलं नाही. लोक काय म्हणतील! आता पोरगं दुडुदुडु पळतं, पण आतडं महाआळशी. मळ असाच तुंबत राहिला तर पिशवी परत लावावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तपासणी उद्यावर आलेली.

सासूबाईंनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई! दगडच आहे की आत!"

"तोच अडकलाय. पातळ झिरपतंय ते त्याच्या कडेने. तुमचा पोट बांधणारा काढा पाजला असता तर झालंच होतं कल्याण."

"मग आधी बोलायचं ना! तोंडाला कुलूप होतं?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना!"

इस्पितळात शिकवलं होतं तसं मी मिठाच्या कोमट पाण्याने त्याचं आतडं धुतलं. भांड्यावर बसवून पायांखाली वीट दिली. पण बाळराजे रुसले, अंग ताठ करून बसले.

सासूबाई आत गेल्या आणि लग्नातला डफ घेऊन आल्या. समोर बसून वाजवायला लागल्या, वर भुवया नाचवल्या. एल्योर खदाखदा हसला. हसता हसता जोर लागला आणि भांडं भरलं.

त्यांनी पुन्हा पोट दाबलं. "मऊ झालं गं! कणकेसारखं!"

भिंतीवरून शेजारची सानोबर डोकावली. "काय हो, कुणाचं लग्न काढलंत?"

सासूबाईंनी भांडं दोन्ही हातांनी उंच धरलं. "लग्न कसलं! माझ्या नातवाला शी झाली! सांग जा गल्लीभर!"

इतका वेळ तोरा मिरवणारी मी, मला रडूच कोसळलं. म्हटलं, आता उद्या डॉक्टरांनी खुशाल दाबून बघावं.