हॉलला लागून एक संडास

बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं कळलं तो शनिवार होता, आणि त्याच संध्याकाळी चर्चची सभा होती.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. रिपोर्ट बाजूला सारून त्यांनी विचारलं, "काकू, दिवसभरात पाणी किती पिता?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. जसं काही उत्तर मला माहीत असावं.

"जमेल तेवढं," ती म्हणाली.

"तहान लागते तेवढं नाही?"

"तहानेचं काय, ती लागतच असते. पिऊन जायचं कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. माझी बायको कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिथल्या संडासाची किल्ली मालकाच्या खिशात असायची. आजाराला कारणं पुष्कळ असतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. लघवीचा संसर्ग वर्षानुवर्षं परत परत होत राहिला असणार, तिने तो अंगावर काढला, आता उशीर झालाय. एवढं सगळं ऐकून ती उठली, पिशवी काखेत मारली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, चला लवकर. सभेला उशीर होईल."

"अगं, आज कसली सभा?"

"आज नकाशा मंजूर होणार. भिंती उभ्या राहिल्यावर माझं कोण ऐकतंय?"

आमचं जुनं चर्च बाजारात होतं. बांधलं तेव्हा मंडळीतली सगळी घरं आसपासच्या गल्ल्यांत होती, त्यामुळे चर्चला संडास लागलाच नाही. ज्याला जायचं तो घरी जाऊन यायचा. पुढे घरांची दुकानं झाली, दुकानांची गोदामं झाली आणि माणसं लांब राहायला गेली. मग शेजारी खोल पाया खणला गेला आणि आमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. इंजिनिअरने हातोडीने ठोकून पाहिलं आणि चर्च रिकामं करा म्हणाला. शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एक प्लॉट परवडला. आजूबाजूला घर नाही, झाड नाही. तिथे नवीन चर्च बांधायचं ठरलं. तोवर उपासना आणि सभा बाजारातल्याच एका भाड्याच्या गोदामात व्हायच्या.

सभेत नकाशा भिंतीला चिकटपट्टीने लावला होता. खजिनदार काठीने दाखवत होते. त्यांना सगळे कात्री म्हणतात, तोंडावरसुद्धा, कारण कुठलाही खर्च त्यांच्या हातून सबंध सुटत नाही. हॉल, वेदी, पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, खोली, आणि पार मागच्या कोपऱ्यात एक चौकोन. त्यावर लिहिलं होतं, 'प्रसाधनगृह, दुसरा टप्पा'.

बायको उभी राहिली. "मला फक्त बायकांना एक विचारायचंय. आज सकाळपासून घराबाहेर असताना कोण कोण पाणी प्यायलं? हात वर करा."

कात्रींनी सवयीने हात वर केला.

"कात्री, तुम्ही बायकांत कधी आलात?" ती म्हणाली आणि सगळी मंडळी हसली.

बाकी एकही हात वर नव्हता. हसणं हळूहळू विरलं. मग आत्याबाई बोलल्या. त्या माझ्या कुणी लागत नाहीत, पण साऱ्या मंडळीच्या आत्या आहेत. "मी तर रविवारसाठी आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद करते गं," त्या म्हणाल्या, आणि आपणच खो खो हसल्या.

मी प्लंबर आहे. लोकांच्या घरी नळ आणि संडास बसवण्यात हयात गेली. तरी हे मलाही तिथेच कळलं. घरात बायको होती, मुलगी वाढली, पण हा विषय कधी निघालाच नव्हता.

"हॉलला लागून एक संडास," बायको म्हणाली. "पायरी नको. दार रुंद, आत धरायला दांडा. बाकी तुम्हाला मनोरा बांधायचा असेल तर खुशाल ढगाला टेकवा."

पाळकसाहेबांनी स्वतः पेन्सिल घेऊन हॉलच्या डावीकडे चौकोन काढला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिने तिथे कुणालाही सांगितलं नाही.

पुढे डायलिसिस सुरू झालं आणि पाणी मोजूनमापून द्यायचं असा हुकूम झाला. एक छोटा पेला, दिवसभरात मी तो परत परत थोडा थोडा भरायचो. तिचे ओठ सुकून सोलायचे. मी ओल्या फडक्याने पुसायचो तर ती फडकंच चोखायला बघायची.

"बघा ना," ती एकदा म्हणाली, "जन्मभर संडास नाही म्हणून पाणी प्यायले नाही. आता संडास चार पावलांवर आहे, तर पाणी नाही."

"बोलू नकोस, घसा कोरडा पडेल."

"तो काय ओला आहे?"

तिकडे जोत्याचं काम झालं होतं. तिला एकदा नेऊन दाखवायचं मनात होतं. ते झालं नाही. ती गेली.

अंत्यविधीला सगळी मंडळी आली होती. चर्चमध्ये गाणी शिकवायची तीच आणि सुरू करताना सूरही तीच द्यायची. त्या दिवशी कुणी द्यायचा हे ठरवायचं सुचलंच नाही. चौघांनी चार सुरांत सुरुवात केली, थांबले, आणि मग मुलीने रडत रडतच सूर दिला.

काही दिवसांनी पाळकसाहेब आणि कात्री घरी आले. मुलगी माहेरीच राहिली होती, तिने चहा केला. कात्री बराच वेळ नुसतीच बशी फिरवत बसले.

"मंडळीच्या मनात आहे," पाळकसाहेब म्हणाले, "की तिच्या नावाने एक गायनाची खोली करावी. सराव करायला, वाद्यं ठेवायला. दारावर पितळी अक्षरांत तिचं नाव."

मला भरून आलं. खरंच आलं. मग मी विचारलं, "कुठे करणार?"

"हॉलला लागून."

"कुठल्या बाजूला?"

पाळकसाहेबांनी कात्रींकडे पाहिलं. कात्री म्हणाले, "डावीकडे."

"नकाशात तिथे संडास आहे."

"ती सोय मागे होईल. दुसऱ्या टप्प्यात."

"पण तिने संडास मागितला होता. खोली नव्हती मागितली."

"मिस्त्री, रागावू नका," कात्री म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच ओले होते, "पण त्या बाईने आम्हाला गायला शिकवलं. तिची आठवण म्हणून काय संडास दाखवायचा?"

"नाव नका लावू. संडास बांधा."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबा, लोक एवढ्या मायेने आईसाठी काही करतायत, तर करू द्या ना," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. मग मी विषय सोडला. तिघांनाही माझ्या बायकोसाठीच भरून आलं होतं. त्यांच्याशी भांडायचं कसं?

पुढच्या सभेत मात्र मी उभा राहिलो. मला वाटलं, तिने केलं तसंच करावं. मी म्हणालो, "बायकांना विचारतो. आज सकाळपासून कोण कोण पाणी प्यायलं?"

कुणी हसलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या. एकजण उगाच गाण्याच्या पुस्तकाची पानं उलटायला लागली. मागून एका माणसाचा आवाज आला, "मिस्त्री, आता बायकांच्या पाण्याचं मीटर पण तुम्हीच बसवणार का?" त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. मी उभाच होतो. शेवटी पाळकसाहेबांनीच हळूच म्हटलं, "बसा, मिस्त्री." गायनाची खोली एकमताने मंजूर झाली. माझा हात वर नव्हता आणि खालीही नव्हता, मी तो खिशात घातला होता.

बाहेर आत्याबाईंनी मला गाठलं. "अरे, असं विचारतात का चारचौघांत?"

"तिने विचारलं होतं ना?"

"ती आमच्यातली होती. तिने विचारलं तेव्हा मोकळं वाटलं. तू विचारलंस आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं."

"मग तुम्ही तरी बोलायचं होतं, आत्याबाई."

"तिच्या नावाच्या खोलीला मी नको म्हणू? कुठल्या तोंडाने? जाऊ दे रे. आजवर तहानेने कुणी मेलं..." बोलता बोलता त्या थांबल्या आणि त्यांनी जीभ चावली. मग माझा हात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, बस येईपर्यंत.

नळाचं काम माझ्याकडेच होतं. जमीन भरायच्या आधी मी पाळकसाहेबांना सांगितलं, "त्या खोलीखालून एक जाड पाईप टाकून ठेवतो. वर काही दिसणार नाही. पुढेमागे कुणाचं मन बदललं तर फरशी कमी फोडावी लागेल."

त्यांनी थोडा विचार केला. "टाका. कात्रींना मी सांगतो."

मी खणलेल्या चरात पाईप जोडत होतो तेव्हा मुलगी डबा घेऊन आली. चराकडे बघत राहिली.

"बाबा, हा कसला पाईप?"

"संडासाचा."

"आईच्या खोलीखालून?"

"रिकामा आहे, पोरी."

"रिकामा असला म्हणून काय झालं? तिथे आईचं नाव लागणार आहे!"

"तुझी आई असती तर तिने आधी पाईप कुठाय ते विचारलं असतं."

"आई नाहीये, बाबा. असती तर नाव कशाला लावलं असतं?"

तिने डबा वाळूच्या ढिगावर ठेवला आणि ती गेली. मी पाईपला उतार दिला, तोंडाला टोपण बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी गड्यांनी वर माती भरली.

नवीन चर्च उघडलं त्या दिवशी खूप गर्दी झाली. सूर मुलीने दिला. खोटं कशाला बोलू, गाणं छान झालं. हॉलमध्ये आवाज घुमत नाही, स्वच्छ ऐकू येतो. पितळी अक्षरं कात्री स्वतः रुमालाने पुसत होते. मुलगी माझ्याजवळ आली, माझी कॉलर नीट केली आणि परत बायकांत जाऊन बसली. त्या पाईपाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

उपासनेनंतर भाषणं झाली, पाहुण्यांचे सत्कार झाले. भाषणं चालू असताना आत्याबाई उठल्या. दारातून बाहेर गेल्या, चारी बाजूंना सपाट प्लॉट होते, तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आत न येता बसथांब्याकडे चालायला लागल्या. मी मागोमाग गेलो.

"काही नाही रे, गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. "तू जा आत. तिच्या खोलीपाशी थांब."

त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. पाळकसाहेब त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करून येतात. आणखी दोघी-तिघी म्हाताऱ्या बायकाही येईनाशा झाल्या आहेत. बस लांब पडते असं त्या सांगतात.

मी कात्रींना भेटलो की विचारतो. ते म्हणतात, दुसऱ्या टप्प्यात नक्की. मागच्या कोपऱ्यात चुन्याने खूण केली होती, तीही आता दिसत नाही. दुसऱ्या टप्प्याची सभा अजून बोलावलेली नाही. हॉलला लागून संडास बांधायचा राहिला आहे.